विद्यार्थ्यांस कर्ज नको, शिष्यवृत्ती द्या

बारावीचा निकाल लागला म्हणजे वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरी दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. एक पेढा खाणारी, दुसरी सल्ला देणारी. हल्ली सल्ला देणारांचा सल्ला बहुधा एकच असतो: "पोरगा हुशार आहे, बँकेचे कर्ज काढा आणि शिकवा." सरकारही तेच सांगते. कर्ज मिळवून देण्याच्या योजनेस ते 'शिक्षणासाठी मदत' असे नाव देते आणि मंत्री लोक तिच्या जाहिरातीत हात जोडून उभे राहतात.

आमचे म्हणणे असे की, कर्ज ही मदत नव्हे. जे व्याजासह परत मागितले जाते त्यास आपल्या वाडवडिलांनी कधी मदत म्हटले नाही. त्यास त्यांनी सावकारी म्हटले. मग ती दुकानातल्या गादीवर बसून केलेली असो की बँकेच्या काचेआड बसून केलेली असो. गरीब शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलास कॉलेजात शिकण्यासाठी सरकारने जे द्यावयाचे ते शिष्यवृत्तीच्या रूपाने द्यावे, कर्जाच्या रूपाने देऊ नये, हे आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. आम्ही मास्तर लोक, तेव्हा व्याजाचे गणित फळ्यावर मांडण्याची आम्हांस सवयच आहे. समजा, एका कास्तकाराच्या मुलाने चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरसाल १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये कर्ज घेतले. दर शेकडा १० धरू. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता मागत नाहीत. पण व्याज थांबत नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन वर्षांचे, चौथ्यावर दोन वर्षांचे, असे सरळ व्याज १ लाख ४० हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज ५ लाख ४० हजारांचे झालेले असते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे ७,१३६ रुपये हप्ता बसतो, आणि एकंदर भरणा साडेआठ लाखांच्या वर जातो. चार घेतले, साडेआठ दिले!

हे कापसात मोजून पाहा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसास सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने वर्षाचे हप्ते म्हणजे साडेदहा क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात, वर्ष बरे असेल तरी, दोन-अडीच एकरांची पऱ्हाटी एकट्या बँकेसाठी पेरावयाची, आणि तीही लागोपाठ दहा वर्षे. बोंडअळी आली तरी, सप्टेंबरात पाऊस रुसला तरी, आणि वेचणीस मजूर मिळाला नाही तरी.

यावर कोणी म्हणेल की, मास्तर, तुम्ही सरकारची व्याजसवलत विसरला. विसरलो नाही. २००९ सालापासून साडेचार लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या घरांस, ठराविक संस्थांतील व्यावसायिक शिक्षणासाठी, हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज सरकार भरते. ही सवलत मिळाली असे धरले तरी ४ लाखांचे दहा वर्षांत ६ लाख ३४ हजार भरावे लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-विद्यालक्ष्मी' नावाची योजना मंजूर केली. तिच्यात तारण नको, जामीन नको, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत, शेकडा ३ व्याजाची सूट. सूट चांगली, पण सूट दिलेले कर्ज हे कर्जच. दोरी रेशमाची केली म्हणून फास सैल होत नाही.

आता मुख्य गोष्ट. कर्जाचा खरा भार व्याजात नाही, तो जोखमीत आहे. आपल्याकडे बोअर मारणारी गाडी वावरात येते तेव्हा काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. पाणी लागले तरी पैसे द्यावयाचे, कोरडी गेली तरी पैसे द्यावयाचे. आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागूनही ते पिकाच्या उपयोगी पडेल याचा नेम नाही. कर्ज काढून शिकणे हे असेच बोअर मारणे आहे. मुलगा आजारी पडला, एखाद्या वर्षी नापास झाला, कॉलेज निकृष्ट निघाले, किंवा पदवी मिळूनही पुण्यास बारा हजारांची नोकरी लागली व आठ हजार खोलीत आणि खाणावळीत गेले, तरी हप्ता तोच. श्रीमंताचा मुलगा अशी ठेच सोसू शकतो, कारण मागे बापाची गादी आहे. गरिबाच्या मुलामागे काय आहे? त्याच्या मागे बापाचे वावर आहे, आणि त्यावर आधीच सोसायटीचा बोजा आहे.

कर्ज मुलाच्या नावाचे असते असे सांगतात. कागद नीट वाचा. बापाची सही तेथे सहकर्जदार म्हणून घेतलेली असते. बापाचे पीककर्ज थकलेले असले म्हणजे तोच थकबाकीचा शेरा मुलाच्या अर्जास आडवा येतो. म्हणजे ज्या घरास पैशाची गरज सर्वांत अधिक, त्याच घरास बँकेचे दार सर्वांत अरुंद! आणि कारागिराची गोष्ट तर याहून वाईट. नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण मागावयाचे नाही. तरी सात-बारा नसलेल्या माणसास शाखेत कोणत्या नजरेने पाहतात हे आमच्या सुतार, लोहार, कुंभार, शिंपी बंधूंनी आम्हांस अनेकदा सांगितले आहे. आमच्या शाळेतून गेलेल्या एका सुताराच्या मुलास अमरावतीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. एका बँकेच्या शाखेत चार खेटे घालून झाल्यावर त्याचा बाप आम्हांस म्हणाला, "गुरुजी, पोराले नोकरी लागली तं ठीक. नाही लागली तं माहा रंधा इकून कर्ज फिटन काय?" मुलगा आज अकोल्यास मोबाईलच्या दुकानात आहे. त्या बापास अडाणी म्हणावयास आमची जीभ धजत नाही. त्याने जोखमीचा हिशेब बँकेहून चांगला केला होता. परंतु त्याच्या त्या शहाणपणामुळे देशाचा एक इंजिनिअर गेला. मुलीच्या बाबतीत तर हा हिशेब होण्यापूर्वीच निकाल लागतो. तिच्या लग्नाचे कर्ज काढावयास बाप तयार असतो, शिक्षणाचे काढावयास नसतो. कारण हप्ता कोणत्या घराने भरावयाचा, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. शेणगावचे गाडगेबाबा लहानपणी दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले, आणि सावकाराचा कागद घराची कशी माती करतो हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. म्हणून पुढे आयुष्यभर ते कीर्तनात खराटा हाती घेऊन दोन गोष्टी सांगत राहिले. कर्ज काढू नका, ही एक; आणि पोटास चिमटा घ्या पण मुलांस शाळेत घाला, ही दुसरी. बाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. परंतु त्या विद्यापीठाच्या पदवीसाठी बाबांचा दुसरा उपदेश पाळावयाचा तर पहिला मोडावा लागतो, अशी स्थिती गरिबावर आली असेल, तर ते नाव केवळ कमानीवर राहिले असे म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण पापळच्या भाऊसाहेबांचे, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांचे. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. एका हाताने शेतकऱ्याचे कर्ज कमी करावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मुलासाठी शाळा व छात्रालय उघडावयाचे, ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकच होती. कर्जाच्या चिखलातून बापास काढून मुलास त्याच चिखलात उतरवावे, असे त्यांच्या मनातही आले नाही. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ सालापासून वसतिगृहे काढली, साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांस कमवून शिकावयास लावले. या सर्वांनी मुलांस निवारा दिला, भाकर दिली, काम दिले. वचनचिठ्ठी कोणी लिहून घेतली नाही.

आणि बाबासाहेब आंबेडकरांचे पाहा. १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले, आणि त्याच साली ते अमेरिकेस गेले ते सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पेन्शनर सुभेदाराच्या त्या पोरक्या मुलाने त्या वेळी एखाद्या पेढीवर जाऊन कर्ज मागितले असते तर तारण काय दाखविले असते? त्या शिष्यवृत्तीस अट होती ती दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याची. म्हणजे परतफेड होती, पण ती सेवेने करावयाची होती, व्याजाने नव्हे. पुढे बडोद्यास त्यांना राहावयास जागाही मिळू दिली नाही हा आपल्या समाजाचा कलंक. पण देणगीचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. पुढे १९४४ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू करविल्या. कर्जाची खिडकी त्यांनी उघडविली नाही.

कर्जाचा प्रयोग सरकारने करून पाहिलेला नाही असेही नाही. १९६३ साली केंद्र सरकारने 'राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती' सुरू केली. नावातच विसंगती होती. कर्ज बिनव्याजी होते, तरीही वसुली फारच थोडी झाली, आणि १९९१ नंतर ती योजना गुंडाळावी लागली. पुढे २००१ साली बँकांनी शिक्षणकर्जाची नवी योजना आणली, आणि या खेपेस ते काम व्याजासह सुरू झाले.

परदेशाकडे पाहणाऱ्यांनी जर्मनीकडे पाहावे. तेथे १९८३ साली विद्यार्थ्यांची सारी सरकारी मदत कर्जाची करून टाकली, आणि सात वर्षांतच, १९९० साली, निम्मी पुन्हा देणगी केली; उरलेली निम्मी आजही बिनव्याजी आहे, आणि तिच्या परतफेडीस १०,०१० युरोंची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत कर्जावर शिकविण्याची रीत रूढ झाली. आज तेथील विद्यार्थी-कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरांच्या वर गेला आहे, आणि त्यातला काही भाग माफ करण्याची अध्यक्षांची योजना तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली रद्द केली. त्याच अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने मात्र २००१ साली गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीतून कर्ज काढून टाकून त्या जागी संपूर्ण देणगी ठेवली. विद्यापीठ श्रीमंत आहे हे खरे; पण श्रीमंतास जे कळले ते आपल्या सरकारास का कळू नये?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. ही म्हण बहुधा ज्यांना घरबसल्या मिळाले तेच वापरतात. पहाटे चारला उठून गोठा उरकणारी आणि दहा किलोमीटर एस.टी.ने शाळेस येणारी मुलगी शिक्षणाची किंमत आधीच चुकवीत असते. तिच्याकडून पास होण्याची व हजेरीची अट घाला. व्याजाची घालू नका.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. पदवीधर पुढे चांगले कमावणार. मग त्याच्या शिक्षणाचा भार कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या मजुराच्या करावर का घालावा? हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे वेगळ्या रीतीने मांडला होता. सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या थरास, ही त्यांची तक्रार होती. शिष्यवृत्त्या नुसत्या चढाओढीने वाटल्या तर त्या मागासलेल्या वर्गांपर्यंत पोहोचत नाहीत, हेही त्यांनी तेथे सांगितले. याचा अर्थ रयतेच्या मुलांस कर्ज द्या असा होत नाही; रयतेचा पैसा रयतेच्या मुलांपर्यंत पोहोचवा असा होतो. आज मजूर खतावर, फवारणीच्या औषधावर, साबणावर कर देतोच. त्या करातून त्याच्याच मुलास शिकविले तर त्यात अन्याय कोणता? आणि मुलगा पुढे खरोखरच कमावता झाला तर प्राप्तिकर आहेच. जो कमावील तो देईल, जो न कमावील त्याच्या घरी जप्तीची नोटीस जाणार नाही. यापेक्षा न्याय्य वसुली दुसरी कोणती? शिवाय बडोद्याप्रमाणे सेवेची अट घाला. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या डॉक्टराने मेळघाटात दोन वर्षे काढावी, कृषी पदवीधराने खारपाणपट्ट्यात काम करावे. त्यास आमची ना नाही.

तिसरा आक्षेप, पैसा कोठून आणावा? तो आताही खर्च होतोच आहे. वर सांगितलेल्या विद्यालक्ष्मी योजनेसाठी २०२४-२५ ते २०३०-३१ या काळात ३,६०० कोटी रुपये धरले आहेत आणि ७ लाख विद्यार्थ्यांस व्याजाची सूट मिळेल असा अंदाज आहे. भागाकार करा. माणशी ५१ हजारांच्या वर येतात. हा पैसा विद्यार्थ्याच्या हाती न पडता व्याजापोटी बँकेकडे जाणार. तोच शिष्यवृत्ती म्हणून दिला तर तालुक्याच्या गावी एका मुलाचे वर्षाचे खोलीभाडे व खाणावळ निघेल. बँकांनी दहा वर्षांत, २०२३-२४ पर्यंत, १६ लाख कोटींहून अधिक बुडीत कर्ज वहीतून काढून टाकले असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. वहीतून काढणे म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते, असे सरकार म्हणते, तसे असेलही. पण कारखानदाराच्या बुडीत कर्जास वहीबाहेर जागा आहे, आणि कास्तकाराच्या मुलाच्या कर्जास ती नाही. २००८, २०१७ आणि २०१९ या तीन कर्जमाफ्या झाल्या, त्या सर्व शेतीकर्जाच्या होत्या. शिक्षणकर्जाचे नाव एकीतही नव्हते.

शिष्यवृत्तीच्या बाजूने बोलताना तिचे दोष झाकणे बरोबर नाही. महाराष्ट्रात आज योजना थोड्या नाहीत. शाहू महाराजांच्या नावाने २०१६ पासून शिक्षणशुल्काची सवलत आहे, भाऊसाहेबांच्या नावाने वसतिगृह-निर्वाहभत्ता आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ झाले आहे. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल सरकारचे आम्ही मोकळ्या मनाने अभिनंदन करतो. परंतु शुल्क माफ झाले तरी खोली, खाणावळ, पुस्तके, प्रवास राहतोच. आणि मंजूर झालेली रक्कम वर्ष संपत आल्यावर खात्यात पडली तर मधल्या महिन्यांत बाप काय करतो? तो गावच्या सावकाराकडे जातो. म्हणजे उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही शेकडा तीन-चार दरमहा व्याजाचे कर्जच होय.

सबब आमच्या मागण्या थोडक्यात अशा. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरातील मुलामुलींस, जात कोणतीही असो, शुल्क व निर्वाह दोन्हींची पूर्ण शिष्यवृत्ती मिळावी. त्यावरील आठ लाखांपर्यंत ती क्रमाने कमी होत जावी. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळीच मिळावा, आणि सरकारकडून रक्कम येण्याची असेल तोवर कॉलेजाने विद्यार्थ्याचा दाखला किंवा गुणपत्रक अडवू नये. ज्या गरीब घरांनी कर्ज घेऊन टाकले आहे त्यांचे व्याज माफ करून मुद्दल शिष्यवृत्तीत वळते करावे. ज्यांची ऐपत आहे किंवा ज्यांस परदेशी जावयाचे आहे त्यांनी कर्ज खुशाल काढावे. त्यांच्या वाटेत आम्ही येत नाही.

आता दोन शब्द आपल्याच माणसांस. सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. शिष्यवृत्तीचे अर्ज दरसाल कागदावाचून राहून जातात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारास जोडलेले बँक-खाते, ही तयारी निकालानंतर नव्हे, दिवाळीच्या सुट्टीतच करून ठेवा. गावच्या शाळेत मास्तर आहे; त्यास रविवारी घरी गाठा, तो अर्ज भरून देईल. न देईल तर आम्हांस कळवा. मुलीच्या लग्नाच्या मांडवातील एक पंगत कमी करा आणि ते पैसे तिच्या कॉलेजच्या पहिल्या महिन्यासाठी ठेवा. ज्या गावाने सप्त्यासाठी वर्गणी काढली ते गाव तालुक्याच्या ठिकाणी चार मुलांसाठी एक खोली भाड्याने घेऊ शकते. आमच्या बापजाद्यांनी मूठमूठ धान्य देऊन छात्रालये उभी केली, तेव्हा त्यांच्यापाशी आपल्याहून कमीच होते.

आणि मते मागावयास जो कोणी दारी येईल त्यास इतकेच विचारा: "साहेब, आमच्या पोरास शिकवावयाचे आहे. तुम्ही शिष्यवृत्ती आणली आहे की कर्जाचा अर्ज?" अर्ज आणला असेल तर त्यास पाणी द्या, चहा द्या, आणि सही मात्र देऊ नका.